लळिंगच्या चढाला

गाडी खोकायची ती नेमकी लळिंगच्या चढाला,
तिसरा गिअर, मागच्या सीटवर कळण्याच्या पिठाची पिशवी,
आणि पाठीशी केळीचा ट्रक, हॉर्नवर हात ठेवून.
"प्लग गेले असतील," मी म्हणाले,
डोकं दुखलं की म्हणतो तसं : पित्त झालं असेल.

मुर्तझाशेठने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या.
साधा एकशे तीस. इरिडियमचा सातशे ऐंशी.
"ताई, हा टाका आणि विसरून जा."
तीन सिलिंडर, तीन प्लग, गुणाकार मी आधीच केला होता,
तरी हात लग्नघरातल्यासारखा सढळ झाला.
विसरून जाण्यासाठी माणूस किती देईल सांगता येत नाही.

मे महिना. धुळ्यात नऊ वाजता बॉनेटवर पापड भाजतो.
म्हणून रविवारी पहाटे साडेचारला, देवपूरच्या गल्लीत,
इंजिन थंड, कुत्री झोपलेली,
मी वायरींना नेलपॉलिशने ठिपके दिले : एक, दोन, तीन,
आणि एकवीसचा पाना लावला.

पहिला प्लग निघाला कळण्याच्या भाकरीच्या रंगाचा. उत्तम.
तिसराही तसाच.
मधला काळा, ओलसर, पेट्रोलचा वास मारत.
तिथेच थांबायला हवं होतं.
दिवसभर सिव्हिलमध्ये लोकांच्या फासळ्यांचे एक्स-रे काढते मी,
मला कळायला हवं होतं
की तिघांपैकी एकच आजारी असेल
तर दोष पाण्याला देत नाहीत.
पण नव्या डब्या उघडायची घाई होती.

हिलाल आबा उठून आले, बनियनवर, तोंडात मिश्री.
एस.टी.च्या डेपोत चौतीस वर्षं. बसमध्ये प्लग नसतो,
पण मत असतं.
"हाऊ कसाना प्लग? सुई शे का?"
आणि पॉलिश पेपर काढला खिशातून.
मी त्यांचा हात धरला. त्या टोकाला काही लावायचं नसतं, आबा.
"मंग इतला पैसा कसाले, हातबी लावता येत नही तर?"

आधी बोटांनी फिरवले, मग पान्याने थोडेच.
किल्ली मारली.
इंजिन चाललं, आणि दर तिसऱ्या पावलाला
तसंच लंगडलं.
तेवीसशे चाळीस रुपयांचं लंगडणं.

आबा म्हणाले, "बॅटरी बंद कर."
मी टर्मिनलकडे हात नेला.
"ती नही व माय! हातनी!"

टॉर्च विझला. उजाडायला अजून अवकाश होता.
आणि त्या काळोखात दिसलं :
दोन नंबरच्या वायरीला, ठिपक्याच्या चार बोटं खाली,
एक निळी ठिणगी
बाहेरच्या बाहेर उडी मारत होती लोखंडावर,
टिक्. टिक्. टिक्.
नखाएवढी चीर. किती दिवसांपासून
ती आपला वाटा परस्पर वाटून टाकत होती,
आणि मी प्लगांना बोल लावत होते.
दहा वाजता आले असते तर उन्हात काहीच दिसलं नसतं.

वायरींचा सेट साडेचारशेला.
त्या रविवारी लळिंग गाडीने गुणगुणत चढलं.
पुढच्या महिन्यात मी हट्टाने जुने तिन्ही परत बसवले,
मधला ब्रशने घासून, टाकी काठोकाठ भरून :
सोळा पूर्णांक दोन.
महागांना सोळा पूर्णांक चार.
एवढा फरक तर टायरातली हवाही पाडते.

महाग ते वाईट नाहीत. टिकतील म्हणे लाखभर किलोमीटर.
गाडी अठ्ठ्याण्णवची आहे. ती टिकेल का, हे डबीवर लिहिलेलं नाही.

शेवटी तेच आत ठेवले. का, ते विचारू नका,
घेतले होते म्हणून.
जुने तिघे डिकीत, आमसुलाच्या बरणीत, फडक्यात गुंडाळून.

आबा अजून फाटकाशी विचारतात, "काय व, पैसा फिटनात का?"
मी म्हणते, तुमची बॅटरी बंद करायची मजुरी
त्यातच धरली तर फिटले.
ते चूळ भरतात. थोडं पाणी माझ्या टायरवर पडतं.